मूळपेशी, गोठवलेले भ्रूण आणि आपली सही

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

मूळपेशी (स्टेम सेल), म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या पेशी, त्यांचे उपचार, नाळेतील रक्ताची साठवण आणि टेस्ट ट्यूब उपचारानंतर उरलेले भ्रूण, या तीन गोष्टींवर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक पत्रे थोडक्यात दिली आहेत. वाचकांच्या विनंतीवरून नावे आणि गावे गाळली आहेत.

प्रश्न : लेकरू साडेचार वर्षांचं आहे. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही. तपासणीत ऑटिझम निघाला. एका मोठ्या शहरातल्या सेंटरनं स्टेम सेलचे तीन डोस सांगितले, एका डोसचे सव्वादोन लाख. ‘सरकारमान्य आहे, ट्रायल चालू आहे’ म्हणतात. दोन एकर वावर गहाण टाकावं का, असं घरात चाललंय. (बीड जिल्हा)

उत्तर : वावर गहाण टाकू नका. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे निवांत वाचता येईल.

ऑटिझमवर मूळपेशी हा मान्य उपचार नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता व वैद्यकीय नोंदणी मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस नाही असे स्पष्ट केले आणि तो देणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. त्याआधीपासून आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत. त्यांच्या २००७ च्या पहिल्या आवृत्तीच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ मध्ये ‘उपचार’ हा शब्द मुद्दाम काढला, कारण त्याच शब्दाच्या आधाराने दुकाने थाटली जात होती. रक्ताच्या ठरावीक आजारांतले अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट, आणि औषध नियंत्रकांनी परवाना दिलेली मोजकी उत्पादने सोडली, तर मूळपेशींचा प्रत्येक वापर हा प्रयोग आहे. प्रयोग म्हटला की त्याचे सगळे नियम आले.

त्यातला पहिला नियम असा की प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून त्या प्रयोगाचे पैसे घेता येत नाहीत. सेंटर एकाच तोंडाने ‘ट्रायल’ म्हणते आणि सव्वादोन लाख मागते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

करतात काय, तेही समजून घ्या. मुलाला भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने मज्जा ओढतात. ती यंत्रात फिरवून पांढऱ्या पेशींचा थर वेगळा काढतात आणि त्याच दिवशी पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. त्या थरात खऱ्या मूळपेशी अगदी थोड्या असतात, आणि ज्या असतात त्या रक्त तयार करणाऱ्या असतात. त्या मेंदूत जाऊन नव्या जोडण्या करतात, असा भरवशाचा पुरावा नाही. धोके मात्र खरे आहेत : भुलेचा धोका, कण्यातल्या पाण्यात जंतुसंसर्ग होऊन मेंदूज्वर, झटके, दिवसेंदिवस राहणारी डोकेदुखी. डोकं दुखतंय हेसुद्धा न बोलणाऱ्या लेकराला सांगता येत नाही.

‘फरक पडला’ असे सांगणारे पालक खोटे बोलत नाहीत. साडेचार ते सहा या वयात मूल आपसूकही पुढे जाते. शिवाय अशी सेंटरे डोससोबत रोजची स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी सुरू करून देतात. फरक थेरपीचा असतो आणि बिल पेशींचे फाटते.

तीच थेरपी जवळ मिळवा. जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार बसतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढा, आणि नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ आरोग्य विम्यात नाव घाला. ऑटिझम त्यात आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि थेरपीचा खर्चही त्यात मागता येतो. घरी रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास, टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवून, लेकराच्या समोर त्याच्या उंचीवर बसून एकच खेळ खेळा. थेरपिस्ट नेमका कोणता ते दाखवेल.

प्रश्न : वडिलांच्या कमरेखालच्या लुळेपणासाठी आम्ही गेलो तिथं सीटीआरआयचा नंबर दाखवला. नंबर खरा निघाला. मग शंका कशाला घ्यायची? (नांदेड)

उत्तर : नंबर खरा असणे ही फक्त सुरुवात आहे. सीटीआरआय हे वैद्यकीय प्रयोगांचे राष्ट्रीय नोंदणीपुस्तक आहे. तिथे नोंद होते, परवानगी मिळत नाही. वावर घेताना आपण नुसता सातबारा पाहून इसार देत नाही. फेरफार बघतो, बोजा बघतो, बांधावर जाऊन येतो. इथेही तसेच करा.

क्रमांक ‘सीटीआरआय’, मग वर्ष, महिना आणि शेवटी अनुक्रमांक असा असतो. संकेतस्थळावर तो टाकला की लांबलचक नोंद उघडते. त्यात पाच रकाने शोधा. आजार कोणता लिहिला आहे? वडिलांचा तोच आहे का? पात्रतेच्या अटींत त्यांचे वय आणि दुखापतीला उलटलेला काळ बसतो का? प्रयोगाच्या ठिकाणांच्या यादीत तुम्ही गेलात ते रुग्णालय आहे का? औषध महानियंत्रकांच्या मंजुरीपुढे काय लिहिले आहे? आणि भरती अजून चालू आहे की संपली? पुष्कळदा गुडघ्याच्या प्रयोगाचा क्रमांक लकव्याच्या रुग्णाला दाखवतात, किंवा केव्हाच बंद झालेल्या प्रयोगाचा.

महानियंत्रकांच्या मंजुरीचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ नुसार मूळपेशींपासून केलेले उत्पादन कायम ‘नवे औषध’च धरले जाते. म्हणून महानियंत्रकांची लेखी परवानगी, नोंदणीकृत नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि मूळपेशी संशोधनाच्या संस्थात्मक समितीची मंजुरी, असे तीन कागद हवेत. तिन्हींच्या प्रती मागा. संमतिपत्र मराठीत मागा, एक दिवस घरी आणून वाचा आणि सही केल्यावर त्याची प्रत घ्या. प्रयोगामुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई मिळते, हे त्यात लिहिलेले असायला हवे. गंभीर त्रास झाला तर प्रमुख डॉक्टरने २४ तासांत वर कळवायचे असते. ‘आम्ही रुग्णाच्याच पेशी वापरतो, म्हणून परवानगी लागत नाही’ असे कुणी म्हणाले, तर तेच वाक्य लेटरहेडवर लिहून मागा.

प्रश्न : पत्नीला सातवा महिना आहे. नाळेतलं रक्त साठवायला ७० हजार सांगतात, हप्त्यानं. पत्रकावर ‘८० हून अधिक आजारांवर उपयोगी’ असं आहे. पुढं बाळाच्याच कामी येईल ना? (लातूर)

उत्तर : त्याच बाळाच्या कामी येण्याची शक्यता फारच थोडी आहे. बाळाच्या स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळेतील रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, अशी आयसीएमआरची भूमिका आहे.

८० आजारांची यादी खोटी नाही, पण अपुरी सांगितली जाते. त्यातले बहुतेक आजार दुसऱ्या निरोगी दात्याच्या पेशींनी बरे होतात. थॅलेसेमिया (शरीरात रक्त नीट तयार न होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाच्या स्वतःच्या नाळेतही तोच सदोष जनुक असतो. लहानपणीच्या रक्ताच्या कर्करोगात तर जन्माच्या वेळच्या रक्तातच बिघाडाची सुरुवात झालेली असू शकते. जुन्याच किडक्या बियाण्याची पुन्हा पेरणी केली तर काय उगवणार?

आता मोजमाप बघू. प्रत्यारोपणाला रुग्णाच्या दर किलो वजनामागे कमीत कमी २.५ कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. म्हणजे ४० किलोच्या मुलाला १०० कोटी आणि ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. एका नाळेतून जमणाऱ्या पिशवीत पुष्कळदा १०० कोटींच्या आतच पेशी भरतात, आणि वितळवताना त्यांतल्याही काही मरतात. ७५ वर्षांचा करार केला तरी ती पिशवी मोठ्या माणसाला एकटी पुरत नाही.

दुसरी गोष्ट पत्रकात नसते. बाळ जन्मल्यावर निदान १ मिनिट नाळ बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या १ ते ३ मिनिटांत वारेतले ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाच्या अंगात जाते. त्यातले लोह पहिल्या काही महिन्यांत बाळाला पुरते. आपल्याकडे बाळंतिणींमध्ये रक्त कमी असण्याचे प्रमाण पाहता हे रक्त सोन्यासारखे आहे. पिशवी भरायची तर नाळ लवकर बांधायचा मोह होतो. तुमच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा : नाळ उशिरा बांधा.

साठवण योग्य ठरते ती एकाच परिस्थितीत. घरात आधीच्या भावंडाला थॅलेसेमियासारखा प्रत्यारोपणाने बरा होणारा आजार आहे, तेव्हा. अशा वेळी रक्तविकारतज्ज्ञाच्या लेखी सल्ल्याने साठवावे. आणि नाळेच्या रक्ताखेरीज नाळेचा तुकडा, वार, दुधाचा दात, मासिक पाळीचे रक्त यांची व्यापारी साठवण करायला देशात परवानगीच नाही. पॅकेजमध्ये हे शब्द दिसले की पत्रक बाजूला ठेवा.

ज्यांनी आधीच साठवले आहे त्यांनी बँकेकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात : परवाना क्रमांक, पिशवीतील एकूण पेशींचा आणि सीडी-३४ पेशींचा (म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचा) आकडा, जंतुतपासणीचा अहवाल, आणि बँक बंद पडली तर पिशवी कुणाच्या ताब्यात जाईल ते कलम.

प्रश्न : मुलगी सहा वर्षांची, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. हाही स्टेम सेलचाच उपचार आहे असं ऐकलं. मग हा तरी खरा का? (हिंगोली जिल्हा)

उत्तर : हा खरा आहे. थॅलेसेमियात दात्याच्या रक्तमूळपेशींचे प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, आणि तो लहान वयात जितका लवकर तितका बरा.

सुरुवात एचएलए तपासणीने होते, म्हणजे दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशी किती जुळतात ते पाहतात. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आई-वडील साधारणपणे निम्मेच जुळतात. निम्म्या जुळणीवरही आता प्रत्यारोपण होते, पण त्यात गुंतागुंत जास्त. प्रत्यारोपणाआधी मुलीला केमोथेरपी देऊन तिची जुनी मज्जा रिकामी करतात. मग दात्याच्या कमरेच्या हाडातून त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते १५ मिलिलिटर मज्जा काढतात आणि मुलीला ती रक्तासारखीच शिरेतून देतात. शस्त्रक्रिया नसते. खरी कसोटी त्यानंतर असते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या न्यूट्रोफिल पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर जाईपर्यंत दोन ते चार आठवडे प्रतिकारशक्ती जवळपास शून्य असते. पुढचे सुमारे शंभर दिवस रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते. दात्याच्या पेशी मुलीच्या त्वचेवर, आतड्यावर, यकृतावर उलटू शकतात. काही वेळा मज्जा रुजत नाही. केमोथेरपीमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. हे सगळे डॉक्टर आधी सांगतात का, यावरून केंद्राची पारख करा.

तयारी आजपासून करता येते. यकृतात लोह साचले की प्रत्यारोपणाचा निकाल बिघडतो. म्हणून लोह काढणारे औषध एकही दिवस चुकवू नका, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन दर तीन महिन्यांनी तपासा आणि रक्त चढवण्याआधीचे हिमोग्लोबिन ९ च्या खाली जाऊ देऊ नका. नात्यातल्या माणसांचे रक्त तिला देऊ नका, त्याने पुढे दात्याविरुद्ध प्रतिकार तयार होतो.

पैशांसाठी कोल इंडियाच्या निधीतून चालणारी थॅलेसेमिया बाल सेवा योजना पाहा. निवडक रुग्णालयांत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, उत्पन्नाची अट आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडेही अर्ज करता येतो.

पुढचे मूल हवे असेल तर गर्भाची तपासणी ११ ते १३ आठवड्यांत करून घ्या. तुम्ही दोघे वाहक आहात, म्हणून प्रत्येक खेपेला चारात एक धोका आहेच.

प्रश्न : आम्हाला आयव्हीएफनं जुळी झाली. पाच भ्रूण गोठवलेले राहिलेत. वर्षाला २० हजार भाडं भरतो. आता सेंटर म्हणतं, संशोधनाला द्या आणि इथं सही करा. सासूबाई म्हणतात पाप लागेल. कायदा काय म्हणतो? (परभणी)

उत्तर : पाप-पुण्याचा निर्णय तुमच्या दोघांचा आहे, आणि कायद्यानेही तो तुमच्याच हातात ठेवला आहे. सासूबाईंच्या मनातली घालमेल समजण्यासारखी आहे. सेंटरला मात्र तुम्हाला घाई करायचा काही अधिकार नाही.

सहाय्यक जननतंत्रज्ञान नियमन कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येतो. मुदत संपली की तो नष्ट होऊ द्यायचा, किंवा तुमच्या संमतीने याच कायद्याखाली नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचा. तोवर तुम्ही तो स्वतःसाठी वापरू शकता. गोठवतानाच तुमच्याकडून लेखी सूचना घेतलेली असायला हवी : दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा कुणी निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिले नाही, तर भ्रूणाचे काय करायचे? तो कागद आधी मागून वाचा. पुष्कळ जोडप्यांनी तो उपचाराच्या धांदलीत पंधरा सह्यांच्या गठ्ठ्यात सही करून दिलेला असतो.

भ्रूणाची विक्री हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास ३ ते ८ वर्षे कैद आणि १० ते २० लाख दंड. संशोधनासाठी भ्रूण परदेशी पाठवणे पूर्णपणे बंद आहे. म्हणून ‘भाडे माफ करतो, तुम्ही दान करा’ असा सौदा कुणी मांडला तर तो मोबदलाच झाला. लगेच नाही म्हणा.

द्यायचे ठरले तर उपचाराच्या संमतीपेक्षा वेगळा फॉर्म हवा. त्यात संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक, संशोधन कशासाठी, त्यातून कायम टिकणारी पेशींची वाण तयार करणार का, पुढे त्यातून पैसा झाला तर तुमचा हक्क राहतो की नाही, आणि प्रत्यक्ष वापर सुरू होईपर्यंत तुम्हाला मागे फिरता येईल, एवढे लिहिलेले असावे. ‘संशोधन व शिक्षणासाठी’ एवढेच मोघम लिहिले असेल तर सही करू नका. संशोधनात भ्रूण टिकत नाही, हेही तुम्हाला सांगायलाच हवे. मोहरीचा दाणा दीड-दोन मिलिमीटरचा असतो. पाच दिवसांचा भ्रूण त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. त्यातल्या आतल्या गोळ्यातल्या थोड्या पेशी काढून बशीत वाढवतात आणि बाकीचा संपतो.

ठेवायचे ठरले तर भाड्याच्या पावतीवर भागवू नका. भ्रूण बारीक नळीसारख्या स्ट्रॉमध्ये, द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असतात. दरवर्षी लेखी घ्या : एकूण भ्रूण किती, कितव्या दिवसाचे, दर्जा काय, प्रत्येक स्ट्रॉवरचा क्रमांक आणि टाकी कोणती. नायट्रोजन सतत उडत असतो, म्हणून टाकीची पातळी रोज मोजून वहीत लिहावी लागते. ती वही बघायला मागा. चांगली प्रयोगशाळा आनंदाने दाखवते. गडबड होते ती बहुधा दोन ठिकाणी, लेबल चुकते किंवा पातळी मोजायची राहते.

याच विषयावर दोन वाचकांनी विचारले आहे की भ्रूणाची जनुकीय तपासणी करताना मुलगा की मुलगी कळते, मग सांगत का नाहीत? पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून पाच-दहा पेशी काढून गुणसूत्रे मोजतात, त्यात लिंग दिसते हे खरे. ही तपासणी आनुवंशिक आजारांसाठीच आहे. लिंग सांगणे किंवा निवडणे हा गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालीही गुन्हा आहे आणि २०२१ च्या कायद्याखालीही, ज्यात लिंगनिवडीच्या सोयीची जाहिरात करणाऱ्याला ५ ते १० वर्षे कैद किंवा १० ते २५ लाख दंड किंवा दोन्ही आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या १००० मुलांमागे फक्त ८०७ मुली उरल्या होत्या. सोनोग्राफीच्या खोलीतले ते पाप आता प्रयोगशाळेच्या बशीत करायला कुणी निघाले असेल, तर त्याची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करा.

प्रश्न : आईचे गुडघे झिजलेत. ‘स्टेम सेल इंजेक्शन’ ४० हजारांना सांगितलंय. (जालना)

उत्तर : आधी विचारा, बाटलीवर नाव काय आहे? हातातून रक्त काढून, फिरवून, गुडघ्यात परत सोडत असतील तर ते पीआरपी, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेला रक्तद्रव आहे. त्यात मूळपेशी नसतात. ते स्टेम सेल म्हणून विकणे ही फसवणूक आहे. दात्यांच्या मज्जेतून कारखान्यात वाढवलेल्या पेशींच्या एका भारतीय उत्पादनाला औषध महानियंत्रकांनी २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यता दिली. त्याची चाचणी दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीच्या झिजेवर झाली होती, एका इंजेक्शनात २.५ कोटी पेशी. ते गोठवलेल्या कुपीत, बॅच क्रमांक आणि परवाना क्रमांकासह येते. आईची झीज चौथ्या श्रेणीची, म्हणजे हाडाला हाड लागलेली असेल, तर तो पुरावा तिला लागू होत नाही. उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर श्रेणी लिहून घ्या. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि पाच किलो वजन कमी करणे, यांना कुणाचीच परवानगी लागत नाही.

प्रश्न : भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, असा नियम विद्यार्थ्यांना शिकवतो. १४ च का? आणि मूळपेशींपासूनच भ्रूण केला तर? (अंबाजोगाई)

उत्तर : पंधराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणाच्या चकतीवर एक रेघ उमटते, तिला आद्यरेषा म्हणतात. तिच्यामुळे डोके कुठे, शेपूट कुठे हे ठरते. तोवर एका भ्रूणाचे दोन, म्हणजे जुळी, होऊ शकतात, त्यानंतर सहसा नाही. चेतासंस्थेचा मागमूस त्याआधी नसतो. ब्रिटनच्या वॉरनॉक समितीने १९८४ मध्ये ही मर्यादा सुचवली आणि १९९० मध्ये तिथे कायदा झाला. भारतातही आद्यरेषा किंवा १४ दिवस, यांपैकी जे आधी येईल तिथे थांबायचे.

कितीतरी वर्षे हा नियम कुणाला जाचलाच नाही, कारण तेवढे दिवस भ्रूण बशीत जगतच नव्हता. २०१६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी तो १२-१३ दिवसांपर्यंत नेला आणि वाद सुरू झाला. मूळपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये सरसकट बंदी सैल केली. भारताने ती कायम ठेवली, आणि आमच्या मते हे बरोबर आहे. इथे अजून प्रयोगशाळांवर लक्ष ठेवणारी माणसेच कमी आहेत.

तुमचा दुसरा प्रश्न आजचा आहे. २०२३ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत अंडे आणि शुक्राणू न वापरता, मूळपेशींपासून १४ दिवसांच्या भ्रूणासारखी रचना तयार झाली. तिच्यापासून बाळ होत नाही. पण तिला भ्रूण म्हणायचे की पेशींचा गोळा, यावर नियम करताना जगभर डोकेफोड चालू आहे. विद्यार्थ्यांना जपानी शास्त्रज्ञ यामानाकांचेही काम सांगा : २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशी त्यांनी मागे वळवून मूळपेशींसारख्या केल्या, आणि २०१२ मध्ये नोबेल मिळाले. त्यामुळे भ्रूण न वापरता पुष्कळ संशोधन होऊ लागले. मुंबईच्या परळमधील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने भ्रूणापासून स्वतःच्या दोन पेशी-वाणीही तयार केल्या आहेत, त्यांची नावे ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’. पूर्ण बंदी असलेल्या गोष्टींत क्लोन केलेला भ्रूण गर्भाशयात ठेवणे आणि जनुक बदललेला भ्रूण गर्भाशयात वाढवणे येते. २०१८ मध्ये चीनमध्ये हे दुसरे झाले आणि त्या शास्त्रज्ञाला ३ वर्षांची शिक्षा झाली.

प्रश्न : भावाला मेंदूच्या आजारासाठी दोन डोस दिले, सात लाख गेले, फरक नाही. आता कुठं जायचं? (धाराशिव)

उत्तर : आधी कागद गोळा करा, भांडण नंतर. रुग्णालयाकडे संपूर्ण केसपेपर, संमतिपत्र आणि पेशींच्या मोजणीचा अहवाल लेखी अर्ज करून मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ते ७२ तासांत द्यावे लागतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, किंवा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. जाहिरातीचे फोटो, व्हॉट्सअॅपवरचे संदेश, बँकेतून गेलेल्या रकमांचे उतारे तारखेप्रमाणे लावा. रोख दिलेल्या पैशांची पावती नसेल तर त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम दाखवा.

मग तीन ठिकाणी तक्रार करा. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग करून रुग्णांवर संशोधन करणे हे त्याच आचारसंहितेत गैरवर्तन म्हटले आहे, ते कलम ७.२२ अर्जात लिहा. परवान्याविना पेशी-उत्पादन वापरल्याबद्दल अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आणि औषध महानियंत्रकांकडे. पैसे परत मिळण्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे तिथे चालतात आणि अर्ज ऑनलाइनही करता येतो. पत्रकात लकवा, अंधत्व, मधुमेह असे आजार बरे करण्याचा दावा असेल, तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदाही लागतो. ते पत्रक फाडू नका.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे. भावाचा दुसरा डोस कोणत्या तारखेला झाला ते केसपेपरवर पाहा आणि दिवस मोजायला तिथून सुरुवात करा.